जिन्यातून गेलेली धावपट्टी

चष्म्याच्या दुकानाला आठवड्याची सुट्टी असली की चष्मेवाले दुपारी विमान चालवत. विमान घरातच, मागच्या खोलीत होतं. इस्त्रीच्या टेबलाला पकडीने आवळलेलं सुकाणू, पायाखाली दोन पेडल, समोर मोठा पडदा आणि पायात येणाऱ्या वायरी, एवढ्याला ते विमान म्हणत. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. इमारतीत तिला सगळे बाई म्हणत. ती ह्या विमानाला पसारा म्हणे. इस्त्रीचं टेबल कायमचं हवेत गेल्यामुळे घरातले कपडे समोरच्या लाँड्रीत द्यावे लागत, हा तिचा त्या विमानाविरुद्धचा मुख्य आरोप होता.

त्या दुपारी चष्मेवाले लांबचा पल्ला मारून आपल्याच गावच्या विमानतळावर उतरत होते. आकाश स्वच्छ, वेग बेताचा, चाकं खाली. आता धावपट्टी दिसायला हवी, म्हणून त्यांनी मान थोडी पुढे काढली आणि धावपट्टी दिसलीही. फक्त तिच्या मधोमध एक चार मजली इमारत उभी होती. त्यांनी सुकाणू पोटाशी ओढलं, पण तोवर उशीर झाला होता. विमान तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आत शिरलं आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी जरा उंचावरून घिरटी घातली. पिवळट भिंत, गच्चीचा एका बाजूला ढासळलेला कठडा, तिसऱ्या मजल्यावर हिरवी ताडपत्री. ताडपत्री त्यांनीच बांधली होती. म्हणजे मघाशी सगळ्या प्रवाशांना घेऊन ते शिरले होते ते स्वतःच्याच बेडरूममध्ये.

झालं होतं ते असं. मूळ सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमान चालवायच्या ह्या कॉम्प्युटरवरच्या खेळात, त्यांचं गाव म्हणजे एक राखाडी पट्टा आणि आजूबाजूला खोकी मांडल्यासारखी घरं. हे कोणालाच आवडत नाही, म्हणून हौशी माणसं आपापल्या गावांची देखणी दृश्यं तयार करतात. त्यांना सीनरी म्हणतात. ती वेगळी आणून बसवायची. चष्मेवाल्यांनी दोन आणल्या होत्या. एका सीनरीत कुणा भल्या माणसाने गल्लीबोळासकट सगळं गाव उभं केलं होतं. दुसरीत विमानतळ होता, आणि तो इतका हुबेहूब की सामान घेण्याच्या पट्ट्यावरचा चुरगळलेला रबरसुद्धा दिसत होता. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण गाव बनवणाऱ्याने मोजायला सुरुवात पुलापासून केली होती, विमानतळ बनवणाऱ्याने टॉवरपासून, आणि मधलं अंतर दोघांनी आपापल्या मनाने धरलं होतं. दोन्ही सीनरी एकदम चालू केल्या की एका म्यानात दोन तलवारी.

बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन खोलीत आल्या आणि पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"आपलं घर धावपट्टीवर गेलंय, की धावपट्टी आपल्या घरात आलीय?"

"तेच बघतोय."

"उत्तरेकडे सरकलंय सगळं," बाई म्हणाल्या. "सहावीतली मुलंसुद्धा एवढा चुकीचा नकाशा काढत नाहीत." आणि गाठोडं घेऊन त्या लाँड्रीकडे गेल्या.

त्या गेल्या आणि दारात इमारतीचे अध्यक्ष उभे राहिले. अध्यक्ष म्हणजे रहिवाशांच्या समितीचे अध्यक्ष. दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून हे पद त्यांच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलं होतं, आणि आता ते इतकं अंगवळणी पडलं होतं की बायकोशी बोलतानाही ते 'सर्वानुमते' हा शब्द वापरत. त्यांच्या चष्म्याची काडी लोंबत होती.

"सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. पण स्क्रू ढिला झालाय."

चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्ची दिली, चष्मा घेतला, टेबलाच्या खणातून बारका पेचकस काढला आणि नवा स्क्रू ओठांत धरला. अध्यक्षांना चष्म्याशिवाय फारसं दिसत नसे. ते उठून पडद्याला नाक लागेपर्यंत जवळ गेले.

"हे आपल्याकडचं दिसतंय."

"आपलंच आहे," चष्मेवाले ओठ न उघडता म्हणाले.

"आणि हे मधून काय गेलंय?"

"धावपट्टी."

"आपल्या इमारतीतून?"

"जिन्यातून. दोन आराखडे एकमेकांवर आलेत. एक ठेवायचा, एक काढायचा."

"कुठला काढणार?"

चष्मेवाल्यांनी ओठांतला स्क्रू काढून भोकात बसवला. काम नाजूक होतं आणि त्यांचं सगळं लक्ष तिथे होतं. "अजून नक्की नाही. पण विमानतळ फार सुंदर केलाय हो त्यांनी. तो काढायला मन होत नाही. बहुतेक इमारतीच काढाव्या लागतील."

"सगळ्या?"

"आपली रांग तरी नक्की. बाकीच्यांचं नंतर बघू."

"साधारण केव्हा?"

"पुढच्या सुट्टीला सवड मिळाली की."

अध्यक्षांनी चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि तो नीट बसलाय का हे न बघताच ते निघून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी निघताना पाण्याचा ग्लाससुद्धा मागितला नव्हता. चष्मेवाल्यांना ते जरा चमत्कारिक वाटलं, पण तोवर त्यांनी विमान पुन्हा हवेत घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला निघताना समोरच्या लाँड्रीवाल्यांनी त्यांना हाक मारली. लाँड्रीवाले राहायला ह्याच इमारतीत, तळमजल्यावर होते, आणि ह्या इमारतीत तळमजलाच पहिला मजला धरत. हातातली इस्त्री न थांबवता त्यांनी विचारलं,

"नोटीस कधी निघतेय?"

"कसली?"

"आता आमच्यापासून कशाला लपवता? अध्यक्षांनी डोळ्यांनी बघितलंय. विमानतळ वाढवतायत, धावपट्टी आपल्या जिन्यातून जातेय, आणि आपली रांग पहिली पाडणार."

चष्मेवाल्यांना हसू आलं, आणि तिथेच त्यांचं चुकलं. "अहो, तो खेळ आहे. कॉम्प्युटरवरचा."

"हो ना," लाँड्रीवाले म्हणाले. त्यांनी एका शर्टाची कॉलर दाबून सपाट केली. "तुमचा खेळ होतो आणि आमचा जीव जातो."

संध्याकाळी ते परत आले तोवर जिन्यात बरंच काही घडून गेलं होतं. तळमजल्यावर तो कॉम्प्युटरवरचा नकाशा होता, दुसऱ्यावर ऑफिसातला नकाशा झाला होता, आणि तिसऱ्यावर, त्यांच्याच शेजारच्या दारात, तो सहीशिक्क्याचा नकाशा होता, जो चष्मेवाल्यांच्या हाती कसा लागला हे विचारायचं नसतं. चष्मेवाल्यांनी प्रत्येक मजल्यावर थांबून खुलासा केला. लोकांनी तो शांतपणे ऐकून घेतला. माणूस इतक्या तळमळीने नाही म्हणतो त्या अर्थी काहीतरी असणारच, असं सगळ्यांचं मत पडलं.

घरात मावशी बसल्या होत्या. मावशी चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. त्या कोणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, पण सगळी इमारत त्यांना मावशी म्हणे. गुडघ्यांनी त्यांना दगा दिला होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. खाली उतरायचं म्हणजे त्यांना सकाळपासून मनाची तयारी करावी लागे, आणि वर चढायचं म्हणजे प्रत्येक मजल्यावर कोणाच्या ना कोणाच्या घरी टेकावं लागे. म्हणून घर विकून दुसऱ्या गावी मुलीकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं. एक दातांचे डॉक्टर.

"तू मुद्दाम नाही केलंस, हे मला माहितीये," मावशी म्हणाल्या. रागावल्या असत्या तर चष्मेवाल्यांना सोपं गेलं असतं. "पण त्या डॉक्टरचा फोन आला होता. बिचाऱ्याला गॅलरी फार आवडलेली. आता म्हणतो, स्वयंपाकघरातून विमान जाणार असेल तर जरा थांबू या."

"मावशी, विमान जाणार नाहीये."

"हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांग. पण आधी ते चित्र नीट कर. चित्रात आहे तोवर तुझं कोण ऐकणार?"

मावशी उठल्या, कठड्याला धरून एक पायरी, मग दोन्ही पाय, मग पुढची पायरी, अशा वर गेल्या. चष्मेवाले दारात उभे राहून त्यांचा आवाज ऐकत राहिले. आपण कोणाचं काही वाईट केलं नाही, आणि तरी मावशींचं जाणं आपल्यामुळे अडलंय, ह्या विचाराने त्यांना जेवण गोड लागलं नाही.

"सरळ एक सीनरी काढून टाका की," बाई म्हणाल्या.

"कुठली?"

"कुठलीही."

ज्याने त्या विमानतळाच्या भिंतीवरची ओलसुद्धा पाहिली आहे, त्याला 'कुठलीही' म्हणणं सोपं नसतं.

त्यांनी मधला मार्ग काढला. सिम्युलेटर सीनरी एका क्रमाने वाचतो. आधी कोणती, नंतर कोणती, हा क्रम बदलता येतो. आतापर्यंत गाव आधी आणि विमानतळ नंतर येत होता. चष्मेवाल्यांनी विमानतळ आधी आणला आणि गाव त्याच्यावर चढवलं. विमान उडवून बघितलं तर धावपट्टी गावाबाहेर, जिथे असायला हवी तिथे निमूट पडलेली. त्यांनी विमान वाटेतच हवेत थांबवून ठेवलं आणि मावशींना बोलवायला गेले. मावशी यायला निघाल्या तेव्हा अध्यक्ष जिन्यातच होते. ते हल्ली जिन्यातच असत. तेही मागोमाग आले.

"बघा मावशी. ही धावपट्टी. ही कुठे आणि आपण कुठे."

मावशींनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "गेली बाई एकदाची," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे बारीक केले. "आणि ही आपली ना?"

"आपलीच."

"उंच झालीय."

चष्मेवाल्यांनी धावपट्टीच्या आनंदात हे पाहिलंच नव्हतं. विमानतळ करणाऱ्यांनी शोभेसाठी आजूबाजूच्या काही इमारतीही उभ्या केल्या होत्या, आणि त्यांत चष्मेवाल्यांची इमारतही होती. आता गाववाल्याची इमारत त्या इमारतीच्या डोक्यावर जाऊन बसली होती. अध्यक्षांनी बोट लावून मजले मोजले. आठ भरले.

"माझं घर चौथ्यावर," मावशी म्हणाल्या. "मग माझ्यावर हे कोण आलंय राहायला?"

"कोणी नाही. वर परत तळमजला, दुसरा, तिसरा, असं सुरू होतं. सगळ्यात वर पण तुम्हीच आहात, मावशी."

"दोन्हीकडे मी?"

"चौथ्यावर तुम्ही आणि आठव्यावर तुम्ही. तिसऱ्यावर आम्ही, आणि सातव्यावर परत आम्ही."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "म्हणजे प्रत्येकाला दोन घरं."

"दोन नाहीत हो. तेच घर पुन्हा दिसतंय."

"तेच म्हणतोय मी. एकाची दोन."

"अध्यक्ष, ही चूक आहे. एकावर एक चढलंय. मी हे काढून टाकणार आहे."

अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ झाला होता. "घाई करू नका. आठ मजले म्हटले की लिफ्ट आली. ती टाळताच येत नाही."

लिफ्ट हा शब्द ऐकल्यावर मावशींनी नकळत गुडघ्यावर हात ठेवला.

त्या इमारतीत लिफ्टचा विषय फार जुना होता. दर सभेत तो निघे आणि दर सभेत लाँड्रीवाले उभे राहून म्हणत, "मला तळमजल्यावरून तळमजल्यावर जायला लिफ्ट कशाला हवी?" ह्या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे विषय पुढच्या सभेवर जाई. पण आता गोष्ट वेगळी होती. इमारत नवी होणार, दुप्पट होणार, आणि लाँड्रीवाल्यांचाही वरती एक तळमजला असणार, जो खरं तर पाचवा मजला होता. त्यांच्या खालच्या घरात ऊन असं कधी येतच नसे. भिंतींना ओल धरे, आणि ज्या माणसाने साऱ्या गल्लीचे कपडे कडक करून दिले त्याचे स्वतःचे बनियन कायम दमट असत. पाचव्या मजल्याची कल्पना त्यांना आवडली. दोन दिवसांनी सहावा मिळाला तर बरं असं वाटलं, आणि आठवडा संपेपर्यंत त्यांनी मनाने आठव्यावर बिऱ्हाड हलवलं होतं. तिथे मावशी आहेत, ह्याची त्यांना अडचण वाटत नव्हती. मावशींना दोन घरं घेऊन करायचंय काय?

मावशींनी डॉक्टरांना फोन करून कळवलं की घर विकायचं नाही. लिफ्ट होणार असेल तर मुलीकडे कशाला जायचं? मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे, पण दुसऱ्याच्या घरात चमचे कुठल्या खणात आहेत हेसुद्धा विचारावं लागतं.

चष्मेवाल्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. आधी न होणारी गोष्ट होणार म्हणून मावशी अडकल्या होत्या. आता न होणारी गोष्ट होणार म्हणून त्या सुखावल्या होत्या. त्यांना खरं सांगायला जावं तर सुख हिरावल्याचं पाप, न सांगावं तर फसवल्याचं. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

त्या आठवड्यात दुकानात एक गृहस्थ डोळे तपासायला आले. चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवायला लावली आणि दिवा लावला.

"सरळ समोर बघा. हलू नका."

"हलत नाही," गृहस्थ हनुवटी न हलवता म्हणाले. "तुमची त्या विमानतळाच्या ऑफिसात कितपत ओळख आहे?"

चष्मेवाल्यांचा हात थांबला. "आपण कोण?"

"मी दातांचा डॉक्टर. तुमच्या वरचं घर घेणार होतो. आधी मला कळलं, तिथून धावपट्टी जाणार. मग कळलं, तिथे आठ मजले होणार. दोन्ही बातम्या तुमच्या घरातून निघाल्या. मी म्हटलं, हा माणूस आहे तरी कोण ते बघून यावं." ते क्षणभर थांबले. "रोज लोकांना हलू नका म्हणतो. आज समजलं कसं वाटतं ते."

चष्मेवाल्यांनी दिवा बंद केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आतापर्यंत त्यांनी ही हकिगत इतक्यांदा सांगितली होती की ती त्यांची त्यांनाच खोटी वाटू लागली होती. डॉक्टरांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"विमानतळाची सीनरी कुठली? रबराचा पट्टा चुरगळलेला आहे ती?"

"तीच."

"आणि गाव, ज्यात पुलाला पाच कमानी आहेत?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्याकडे दोन्ही आहेत," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे विमानं धावपट्टीत पोटापर्यंत रुतून बसतात. महिनाभर मी तोंडातून शब्द काढला नाही. सांगणार कोणाला? घरी म्हणतात, आधी जमिनीवरचं बघा."

पुढचं फारसं बोलणं झालं नाही. चष्मेवाल्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि दोघं घराकडे चालू लागले. इमारतीच्या फाटकातून आत जाताना लाँड्रीवाल्यांनी त्यांना पाहिलं, आणि हातातला शर्ट थोडा जास्तच भाजला.

मागच्या खोलीत डॉक्टरांनी बाह्या वर केल्या. चष्मेवाले म्हणाले की शेवटी एक सीनरी काढावीच लागेल. डॉक्टरांनी नकार दिला.

"दात काढणं हा शेवटचा उपाय. आधी आत काय किडलंय ते बघायचं."

दोघांनी फोल्डर उघडून एकेक फाईल बंद करायला घेतली. एक बंद करायची, विमान उडवायचं, उतरायचं, बघायचं, पुन्हा चालू करायची. कधी सगळी झाडं नाहीशी झाली, कधी पूल पाण्याखाली गेला, एकदा सगळं गाव ढगात लटकलं आणि खालून विमानतळाचे दिवे दिसत राहिले. बाई मधूनमधून चहा ठेवून जात होत्या. शेवटी किडकं सापडलं. दोन्ही सीनरींमध्ये जमीन सपाट करणारी एकेक बारकी फाईल होती, आणि दोघी एकाच जमिनीवर आपापली पातळी लादत होत्या. विमानतळवालीची ठेवली, गाववालीची बंद केली. मग विमानतळवालीतून गावातल्या इमारती तेवढ्या वगळल्या. विमान उडालं, वळलं, पुलावरून आलं आणि धावपट्टीवर असं टेकलं की टेकल्याचं कळलंही नाही. खाली गावात इमारत उभी होती. चार मजली, पिवळट, एका बाजूला कठडा ढासळलेली.

दोघं बराच वेळ नुसते बघत बसले. इतकं निर्मळ समाधान चष्मेवाल्यांना लग्नातसुद्धा झालं नव्हतं, पण बाई खोलीत होत्या म्हणून ते तसं बोलले नाहीत.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. अध्यक्ष होते. त्यांच्यामागे लाँड्रीवाले, त्यांच्यामागे मावशी, आणि मावशींच्या मागे जिन्यात मावतील तेवढे रहिवासी.

"डॉक्टर इथे आलेत असं समजलं," अध्यक्ष म्हणाले. "सर्वानुमते असं ठरलं की आपणही यावं."

मंडळी मागच्या खोलीत शिरली आणि पडद्यासमोर दाटीने उभी राहिली. अध्यक्षांनी बोट पुढे केलं आणि मजले मोजले. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने पुन्हा मोजले.

"चारच आहेत."

"चारच असतात," चष्मेवाले म्हणाले. "हे खरं आहे. आता एकदम अचूक झालंय."

"वरचे कुठे गेले?" लाँड्रीवाल्यांनी विचारलं.

"ते नव्हतेच."

"होते. अध्यक्षांनी मोजले होते." लाँड्रीवाले डॉक्टरांकडे वळले. "हे गृहस्थ आले आणि चार मजले उतरले. ह्यांना मावशींचं घर हवंय. लिफ्ट झाली तर मावशी विकणार नाहीत, म्हणून लिफ्टच काढून टाकली. एवढं न कळायला आम्ही काय कपडे आहोत?"

आरोपात एकही दुवा सुटलेला नव्हता. ह्या लोकांपैकी ज्यांना नंबर होता त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता, सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही अचूक चित्रावर कोणाचा विश्वास बसत नव्हता. चुकीच्या दोन्ही चित्रांवर मात्र सगळ्यांचा बसला होता.

मावशी पुढे येऊन खुर्चीवर टेकल्या. त्यांनी पडद्यावरच्या आपल्या गॅलरीकडे बघितलं. "मग लिफ्ट नाही तर," त्या हळूच म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. "मी मुलीला कळवून बसले, येत नाही म्हणून. तिलाही जरा बरंच वाटलेलं दिसलं."

लाँड्रीवाले पडद्याकडे बघत पुटपुटले, "वर किती ऊन आलं असतं. मी तर कुठे दोरी बांधायची तेसुद्धा ठरवलं होतं."

बाई दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. तो ठेवायला जागाच नव्हती.

"मी एक विचारू का?" त्या म्हणाल्या. वर्गात आवाज न चढवता शेवटच्या बाकापर्यंत पोचायची त्यांना सवय होती. "तुम्हाला ऊन हवंय, म्हणून वर जायचंय. मावशींना जिना चढवत नाही, म्हणून खाली यायचंय. तुमचं घर खाली आहे, त्यांचं वर आहे. ह्यात विमानतळाचा काय संबंध?"

लाँड्रीवाल्यांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी लाँड्रीवाल्यांकडे बघितलं. वर्षानुवर्षं दोघं एकाच जिन्याच्या दोन टोकांना राहत होते, आणि हा विचार दोघांपैकी एकालाही शिवला नव्हता.

"ओल आहे माझ्याकडे," लाँड्रीवाले प्रामाणिकपणे म्हणाले.

"गुडघ्यांपेक्षा बरी," मावशी म्हणाल्या. "ओलीला रंग लावता येतो."

"गॅलरी चौथ्यावर दोन्हीकडून उघडी आहे ना?"

"वाऱ्याने चादर उडते तिथे."

लाँड्रीवाल्यांनी डोळे मिटले. त्यांना ती चादर दिसत असावी.

पुढचं सगळं जागच्या जागी ठरलं. अध्यक्षांनी त्याला सर्वानुमते मंजुरी दिली, जरी ती कोणी मागितली नव्हती. लोक बोलत बोलत जिन्यात उतरले आणि खोली रिकामी झाली. डॉक्टर तेवढे उरले. दोन्ही वेळा निसटलेलं घर तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांदेखत गेलं होतं, आणि ह्या वेळी त्यांनी स्वतः ते जाण्याची सोय करून दिली होती.

"तुमचं मात्र नुकसान झालं," चष्मेवाले ओशाळून म्हणाले.

"घरं मिळतात हो," डॉक्टर बाह्या खाली करत म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "तुमच्या सुट्टीच्या दिवशी माझाही दवाखाना दुपारी बंद असतो. मधूनमधून आलो तर चालेल का? शेजारच्या खुर्चीवर बसेन. सहवैमानिक म्हणून."

चष्मेवाल्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही. एका पसाऱ्याने जे होणार होतं ते झालं होतं, दुसऱ्याने आणखी काय होणार?

महिना उलटायच्या आत अदलाबदल झाली. मावशी तळमजल्यावर आल्या आणि पहिले काही दिवस नुसत्या दारातून आत-बाहेर करत राहिल्या. हातात पिशवी घेऊन त्या कोपऱ्यापर्यंत जात, काही न घेता परत येत, आणि भेटेल त्याला सांगत की त्या आत्ताच बाहेर जाऊन आल्या. मुलीकडे त्या चार दिवसांसाठी गेल्या, चमचे कुठे असतात ते विचारलं नाही, आणि खूश होऊन परतल्या. लाँड्रीवाले चौथ्यावर सुखात होते. वारा असला की त्यांचे बनियन सुटून तिसऱ्या मजल्याच्या हिरव्या ताडपत्रीवर येऊन पडत, आणि चष्मेवाले ते वर नेऊन देत. ते आता चांगले कोरडे असत.

आणि सुट्टीच्या दुपारी मागच्या खोलीत दोन गृहस्थ शेजारी शेजारी बसून गावात उतरत. जिना मोकळा होता, धावपट्टी मोकळी होती, आणि बघायला कोणी येत नव्हतं. चष्मेवाल्यांना हेच हवं होतं.

अशाच एका दुपारी दाराशी खाकरल्याचा आवाज आला. अध्यक्ष होते. ह्या खेपेला चष्मा त्यांच्या नाकावर व्यवस्थित होता. त्यांनी डॉक्टरांना नमस्कार केला आणि ते खुर्चीच्या काठावर बसले.

"नाही, काम काही विशेष नाही," ते म्हणाले. त्यांनी पडद्यावरची इमारत शोधली आणि तिच्या गच्चीकडे मान हलवली. "पाण्याचं जरा बोलायचं होतं. दर सभेत मी म्हणतो, आपल्याला मोठी टाकी हवी. कोणी ऐकत नाही. तुमच्या ह्याच्यात एक टाकी टाकून ठेवता येईल का?"

"चित्रात?"

"तिथे एकदा आली की बाकीचं आम्ही बघतो."

चष्मेवाले डॉक्टरांकडे बघायला लागले, डॉक्टर छताकडे. हे असं होत नसतं, हे समजावून सांगायला चष्मेवाल्यांनी श्वास घेतला. मग त्यांना जिन्यातला प्रत्येक मजला आठवला, आणि त्यांनी तो श्वास तसाच सोडून दिला. विमान हवेत थांबवून त्यांनी टाक्यांचं फोल्डर उघडलं.

"काळी की पांढरी?"

"काळीच बरी," अध्यक्ष म्हणाले. ते पुढे वाकले आणि गच्चीचा अंदाज घेत राहिले. "आणि जरा कडेला ठेवा. तुम्हाला उतरताना अडचण नको व्हायला."